महाविद्यालय निवडताना : राजकारण आणि अध्ययन

नीट परीक्षेचा निकाल जाहीर झाला की आमच्या दवाखान्यातील बाकावर रुग्णांच्या जोडीने काही निरोगी माणसेही येऊन बसू लागतात. हातात गुणपत्रक, पिशवीत महाविद्यालयांची माहितीपत्रके आणि चेहऱ्यावर संकोच असतो. शेवटचा रुग्ण उठेपर्यंत ती थांबतात आणि मग विचारतात, ‘मुलीला आयुर्वेदाला घालावे म्हणतो, कोणते कॉलेज चांगले?’ येवल्यासारख्या तालुक्याच्या गावी हा प्रश्न वैद्याकडेच यावा हे स्वाभाविक आहे. नाशिक येथून सुमारे ८० किलोमीटर. दौंड-मनमाड लोहमार्ग गावावरून जात असल्यामुळे नगर आणि पुणेही आवाक्यातले. त्यामुळे पसंतिक्रमाच्या अर्जात नावे पुष्कळ भरता येतात. ती कशावरून भरायची, हे मात्र पालकांना कोणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी आमचे एक जुने रुग्ण असेच येऊन बसले. पैठणीच्या मागावर उभे आयुष्य गेलेले, कटिशूलासाठी आमच्याकडे नेहमीचे येणे-जाणे. मुलीला बऱ्यापैकी गुण मिळाले होते. ते म्हणाले, ‘डॉक्टरसाहेब, फी कशीबशी भरू. पण पोरगी बाहेरगावी एकटी राहणार. तिथं राजकारण, संघटना असलं काही नाही ना?’

‘नाही, नाही, काळजी करू नका,’ असे उत्तर आमच्या ओठांवर आले होते. ते आम्ही आवरले. ज्या महाविद्यालयांत राजकारण नाही असे आपण सांगतो, तेथे ते खरोखर नसते का, आणि नसेल तर ते अध्ययनाला पोषकच असते का, याचा विचार आम्ही तोवर कधी नीट केलेलाच नव्हता. त्या मुलीच्या निमित्ताने जे पाहिले आणि जे आठवले, ते व्यवसायबंधूंपुढे ठेवीत आहोत. आपल्याकडेही असे पालक येतच असतील.

पहिली अडचण शब्दाची आहे. आपल्या बोलण्यात ‘राजकारण’ म्हणजे भांडण, गटबाजी आणि दगडफेक. वास्तविक येवल्याच्या माणसाने तरी हा शब्द इतका हलका करू नये. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली ती याच गावी. त्या सभेलाही त्या काळचे अनेक लोक ‘राजकारण’च म्हणाले असतील.

आपल्या महाविद्यालयांची गोष्ट तर आणखी निराळी. गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये अहमदनगर येथे, म्हणजे आताच्या अहिल्यानगरात, आयुर्वेद महाविद्यालय उभे केले आणि पुण्यात १९३३ मध्ये टिळकांच्या नावाचे आयुर्वेद महाविद्यालय सुरू झाले, तेव्हा ही कामे केवळ शैक्षणिक मानली जात नव्हती. पुण्यातील संस्थेमागे राष्ट्रीय शिक्षणाच्या चळवळीची प्रेरणा होती. सरकारी मान्यतेवाचून देशी विद्या शिकवून दाखवू, असा तिचा बाणा होता. पुढे ‘शुद्ध’ आणि ‘मिश्र’ अभ्यासक्रमाचा वाद पेटला. मोहनलाल व्यास यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९६३ मध्ये शुद्ध आयुर्वेदाच्या अभ्यासक्रमाचा पुरस्कार केला. तत्पूर्वी १९६० मध्ये बनारस हिंदू विश्वविद्यालयातील आयुर्वेद महाविद्यालयाचे रूपांतर आधुनिक वैद्यकाच्या महाविद्यालयात झालेले होते. त्या दशकांत देशभरातील आयुर्वेद महाविद्यालयांत विद्यार्थ्यांचे संप वारंवार होत. मागणी बहुधा एकच असे : आम्हांला आधुनिक विषय अधिक शिकवा आणि पदवीला समान दर्जा द्या. पं. शिव शर्मांसारखे शुद्ध आयुर्वेदाचे कैवारी एका बाजूला आणि विद्यार्थी दुसऱ्या बाजूला, असे ते चित्र होते. १९७० चा भारतीय चिकित्सा केंद्रीय परिषद कायदा आणि त्यानंतर देशभर एकसारखा झालेला बीएएमएसचा अभ्यासक्रम यांच्या मुळाशी ही सारी घुसळण आहे. जुन्या वैद्यांच्या पाट्यांवर जीएफएएम, डीएसएसी अशी वेगवेगळी अक्षरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे निराळे सांगावयास नको. तेव्हा आमच्या शिक्षणाचा राजकारणाशी संबंध नाही असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या कुळाची ओळख नाकारणे होय.

आता दुसरी बाजू. महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका थेट मतदानाने होत असत. १९८९ मध्ये मुंबईत ओवेन डिसोझा या विद्यार्थी कार्यकर्त्याचा निवडणुकीच्या वैमनस्यातून खून झाला. त्यानंतरच्या काळात या निवडणुका बंद करण्यात आल्या आणि १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमण्याची पद्धत आणली. २००६ मध्ये लिंगडोह समितीचा अहवाल आला. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपेक्षा अधिक नसावा, त्याची उपस्थिती किमान ७५ टक्के असावी, चालू वर्षात त्याचा कोणताही विषय राहिलेला नसावा, अशा त्यातील अटी सर्वोच्च न्यायालयाने त्याच वर्षी देशभर लागू केल्या. महाराष्ट्रात २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुकांना पुन्हा दार उघडले. २०१९ मध्ये त्या जाहीर झाल्या, विधानसभा निवडणुकीमुळे पुढे ढकलल्या गेल्या आणि पाठोपाठ कोविडची साथ आली. आयुर्वेद महाविद्यालये मात्र या कायद्याखाली येतच नाहीत. ती १९९८ मध्ये नाशिक येथे स्थापन झालेल्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि त्या विद्यापीठाचा कायदा स्वतंत्र आहे.

याचा अर्थ असा की आज आपल्याकडे येणाऱ्या पालकाला ज्या दंगलखोर निवडणुकांची धास्ती वाटते, त्या त्याच्या मुलीच्या जन्माआधीच संपल्या. भीती मात्र घराघरांत जशीच्या तशी राहिली आहे. ती अगदीच निराधार आहे असेही आम्ही म्हणणार नाही. आमच्या विद्यार्थिदशेत थेट निवडणुका होत्या. नाव सांगण्याचे कारण नाही, पण आमच्या महाविद्यालयात एका वर्षी दोन गटांतील चुरस इतकी वाढली की निकालानंतर तीन आठवडे तासिकाच झाल्या नाहीत. पाठोपाठ परीक्षा पुढे ढकलावी म्हणून संप झाला आणि ती ढकलली गेली. विजयी झालेले आमचे ज्येष्ठ मित्र त्या वर्षी अनुत्तीर्ण झाले, पुढल्या वर्षीही झाले. बुद्धीने ते आमच्या सर्वांत तल्लख होते. चरकातील निदानस्थान त्यांना मुखोद्गत होते आणि आजही आम्ही एखाद्या अवघड ज्वरात ‘ते असते तर काय म्हणाले असते’ असा विचार करतो. त्यांनी पुढे व्यवसाय केलाच नाही. त्या निवडणुकीत आम्हीही त्यांच्यासाठी भित्तिपत्रके रंगवली होती, ही गोष्ट येथे नोंदवणे प्रामाणिकपणाचे होईल.

परंतु त्याच महाविद्यालयात, त्याच दोन गटांनी मिळून, शवविच्छेदनासाठी वर्षभर शव उपलब्ध होत नव्हते म्हणून धरणे धरले होते. चौथ्या दिवशी व्यवस्थापनाने हालचाल केली आणि महिन्याभरात शव मिळाले. सुश्रुताने शारीरस्थानात शवशोधनाचा जो विधी सांगितला आहे, त्यामागचा आग्रह आम्हांला कळला तो त्या धरण्यामुळे. तेही राजकारणच होते. त्याच माणसांचे, त्याच इमारतीतले.

म्हणून ‘तेथे राजकारण आहे का’ या प्रश्नाऐवजी ‘तेथील राजकारण कशासाठी चालते’ हा प्रश्न विचारावा, अशा मतापर्यंत आम्ही आलो आहोत. या कामी चरकाचे विमानस्थान फार उपयोगी पडते. त्यातील आठव्या अध्यायात, ज्याला वैद्य व्हावयाचे आहे त्याने आधी शास्त्राची परीक्षा करावी, मग आचार्याची करावी, असा क्रम दिलेला आहे. विद्यार्थ्याने गुरूची परीक्षा घ्यावी असे सांगणारा हा ग्रंथ आपण प्रवेशाच्या वेळी नेमका विसरतो. आचार्य कसा असावा? केवळ श्रुतवान नव्हे, तर परिदृष्टकर्मा, म्हणजे प्रत्यक्ष कर्म पाहिलेला. उपकरणवान, म्हणजे साधने बाळगणारा. शिष्यांवर माया करणारा आणि समजावून सांगण्याची ताकद असलेला. त्याच अध्यायात पुढे तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार येतात, संधायसंभाषा आणि विगृह्यसंभाषा. एक सलोख्याची, दुसरी विरोधाची. सभाही दोन प्रकारची, ज्ञानवती आणि मूढ. आणि प्रत्येकीत सुहृद, उदासीन आणि प्रतिनिविष्ट, म्हणजे आकसाने भरलेली, असे भेद. प्रतिनिविष्ट सभेत कोणाशीही वाद घालू नये, असा आचार्यांचा स्पष्ट सल्ला आहे. महाविद्यालयाच्या आवारात पाऊल टाकताना ही कोणत्या जातीची सभा आहे, हे ओळखता आले तर निम्मे काम झाले.

त्या विणकर गृहस्थांच्या मुलीच्या यादीत सहा नावे होती. संघटनेच्या कामानिमित्त आम्हांला त्यांतील दोन ठिकाणी जावयाचे होतेच, म्हणून बापलेकींनाही सोबत घेतले.

पहिल्या ठिकाणी पोहोचलो तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते. प्रवेशद्वार भव्य, धन्वंतरीची संगमरवरी मूर्ती, भिंतीवर एकही भित्तिपत्रक नाही, आवारात चिटपाखरू नाही. मुलीच्या वडिलांना हे वातावरण फार आवडले. ‘बघा, किती शिस्त आहे,’ ते म्हणाले. आम्ही बाह्यरुग्ण विभागाकडे वळलो. कायचिकित्सेच्या खोलीत एक परिचारिका बसलेली होती. नोंदवहीत त्या दिवशीचे सत्तावीस रुग्ण साडेदहालाच नोंदवून झालेले, सर्व एका हस्ताक्षरात आणि एकाच शाईत. आतल्या विभागात खाटांवर स्वच्छ चादरी होत्या, रुग्ण दोन. पंचकर्माच्या द्रोणीला तेलाचा वास नव्हता. ज्यांनी आयुष्यात एकदा जरी अभ्यंग-स्वेदनाची खोली चालवली आहे, त्यांना याचा अर्थ निराळा सांगावा लागणार नाही. तो वास भिंतीतून जाता जात नाही. फलकावर अध्यापकांची नावे पूर्ण होती. त्यांपैकी किती जण आज आले आहेत, असे विचारल्यावर लिपिकाने आमचेच नाव-गाव विचारले.

विद्यार्थी कोठे आहेत, हे आम्ही चहाच्या टपरीवर विचारले. टपरीवाल्याने सांगितले की परीक्षेच्या वेळी येतात आणि तपासणीच्या आदल्या दिवशी येतात. तपासणीच्या दिवशी आसपासच्या वाड्यांवरून टेम्पोने रुग्णही येतात. त्या आवारात राजकारण नव्हते हे खरे. राजकारण करायलाही माणसे लागतात. परंतु ते नव्हते तरी कसे म्हणावे? विश्वस्त मंडळात दोन तट पडलेले होते, धर्मादाय आयुक्तांकडे प्रकरण चालू होते, आणि त्या तंट्यात अध्यापकांचे पगार काही महिने अडकले असल्याचे आम्हांला नंतर तेथीलच एका अध्यापकाने सांगितले. ते गृहस्थ आमचे समव्यवसायी. बोलताना त्यांनी दोनदा मागे वळून पाहिले.

राजकारणाचा हा प्रकार पालकांच्या ध्यानातच येत नाही, आणि अध्ययनाची खरी हानी बहुधा यानेच होते. विद्यार्थ्यांची निवडणूक बंद झाली म्हणून संस्थांची झाली नाही. येथे एक भेद केला पाहिजे. आपल्याच जिल्ह्यात १९१४ मध्ये स्थापन झालेल्या मराठा विद्या प्रसारक समाजासारख्या संस्थेत सभासद मतदान करून कार्यकारिणी निवडतात. २०२२ ची निवडणूक किती चुरशीने लढली गेली आणि सत्तांतर कसे झाले, ते जिल्ह्याने पाहिले. असे राजकारण उघड्यावरचे असते. सभा होतात, हिशेब मागितले जातात, वर्तमानपत्रे लिहितात. पालकालाही काय चालले आहे ते कळते. जेथे एकाच घराण्यातील किंवा चार भागीदारांतील कलह बंद दाराआड चालतो, तेथे मात्र पहिली झळ बसते ती रुग्णालयाच्या औषधखरेदीला, दुसरी पगाराला आणि तिसरी विद्यार्थ्याच्या हाताला.

दुसऱ्या ठिकाणी गेलो त्या दिवशी पायऱ्यांवर तीस-चाळीस विद्यार्थी बसलेले होते. कागदी फलक, घोषणा, एका मुलीच्या हातात ध्वनिक्षेपक. विणकर गृहस्थांनी लेकीचा हात धरला आणि म्हणाले, ‘चला डॉक्टरसाहेब, हे काही आपल्या कामाचं नाही.’ आम्ही त्यांना पाच मिनिटे थांबण्याची विनंती केली आणि फलक वाचले. शल्यतंत्राच्या प्राध्यापकांची जागा सहा महिने रिक्त आहे, ती भरा. ग्रंथालय सायंकाळी पाचला बंद होते, ते रात्री उघडे ठेवा. वसतिगृहाच्या भोजनालयाबद्दलही एक मागणी होती. ती कोठल्या वसतिगृहात नसते!

थोड्या वेळाने प्राचार्य स्वतः बाहेर आले आणि पायरीवर त्यांच्यातच बसले. सूर काही सलोख्याचा नव्हता. एक विद्यार्थी चढ्या आवाजात बोलला, प्राचार्यांनीही आवाज चढवला. पण कोणी उठून गेले नाही. विगृह्यसंभाषा म्हणतात ती हीच असावी. दरम्यान शेजारच्या बाह्यरुग्ण विभागात साठ-सत्तर रुग्ण रांगेत होते आणि आंतरवासितांपैकी निम्मे घोषणा सोडून तेथे नाडी पाहत होते. कामाची पाळी लावून आंदोलन करणारे विद्यार्थी आम्ही प्रथमच पाहिले. नोंदवहीत पाच हस्ताक्षरे होती, खाडाखोड होती, एका पानावर काढ्याचा डाग होता.

सारेच तेथे उत्तम होते असे नाही. वनौषधी उद्यान उन्हाने करपलेले होते. भिंतीवरील काही भित्तिपत्रके विद्यार्थ्यांची नसून बाहेरच्या पक्षांच्या पुढाऱ्यांच्या वाढदिवसांची होती आणि त्यांवर विद्यार्थ्यांची छायाचित्रे होती. हे लक्षण आम्हांला चिंतेचे वाटले. बाहेरचा पुढारी आवारात आला की मागणी विद्यार्थ्यांची राहत नाही. एरवी व्यवसायाच्या हक्कासाठी विद्यार्थ्यांनी बोलू नये असे आमचे मत नाही. शल्य-शालाक्याच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना ५८ शस्त्रकर्मे करता येतील असे नोव्हेंबर २०२० मध्ये अधिसूचित झाले, त्याविरुद्ध ११ डिसेंबरला आधुनिक वैद्यकाच्या डॉक्टरांनी देशभर बंद पाळला. अशा वेळी आयुर्वेदाचा विद्यार्थी गप्प कसा बसेल? फक्त तो बोलण्यापूर्वी त्याने त्या ५८ पैकी किती कर्मे डोळ्यांनी पाहिली आहेत, हे कोणी त्याला विचारले तर उत्तर देता आले पाहिजे.

पालकांनी काय पाहावे, याबद्दल थोडे. पदवी विद्यापीठाची असते आणि लेखी परीक्षा सर्वांना सारखी. त्यामुळे निकालाच्या टक्केवारीवरून फारसे कळत नाही. कळते ते रुग्णालयावरून. २०१६ च्या किमान मानकांत ६० जागांच्या महाविद्यालयासाठी ६० खाटा, दररोज सरासरी १२० बाह्यरुग्ण, ४० टक्के खाटा भरलेल्या आणि ३० अध्यापक अशी अपेक्षा होती; १०० जागांसाठी १०० खाटा, २०० बाह्यरुग्ण आणि ४५ अध्यापक. २०२१ पासून केंद्रीय परिषदेची जागा राष्ट्रीय भारतीय चिकित्सा पद्धती आयोगाने घेतली आणि मानकांत बदल झाले, तरी अदमास घेण्यासाठी हे आकडे पालकाने मनात ठेवावेत आणि आठवड्याच्या मधल्या दिवशी, न कळवता, सकाळी दहाच्या सुमारास जावे. खाजगी महाविद्यालयाचे शुल्क राज्याचे शुल्क नियामक प्राधिकरण ठरवते; महाविद्यालय त्याहून अधिक काही ‘विकासासाठी’ मागत असेल तर पावती मागावी. रॅगिंगविरोधी कायदा महाराष्ट्रात १९९९ पासून आहे, त्याची समिती कोणाची आहे तेही विचारावे. मुलगी एकटी राहणार या काळजीचे खरे उत्तर या समितीत आणि वसतिगृहाच्या अधीक्षिकेत असते, भित्तिपत्रकांच्या अभावात नसते.

औषधनिर्मात्या बंधूंनी विचारावयाचा प्रश्न वेगळा आहे, आणि तो त्यांनी आवर्जून विचारावा, कारण या महाविद्यालयांतून बाहेर पडणारा वैद्यच उद्या त्यांच्या दुकानात औषध मागायला उभा राहणार आहे. रसशास्त्राच्या प्रयोगशाळेत भट्टीला काजळी आहे का? विद्यार्थ्याने स्वतः खलात कज्जली घोटली आहे का, की बाटलीतली पाहिली? पारदाची चमक पूर्ण नाहीशी होईपर्यंत घोटताना खांदा भरून येतो. ज्याचा खांदा एकदा भरून आला आहे, तो निश्चंद्र या शब्दाचा अर्थ विसरत नाही. भस्म पाण्यावर तरते का, बोटांच्या रेषांत शिरते का, हे त्याने करून पाहिले आहे का? आमच्याकडे एक नवपदवीधर साहाय्यक म्हणून आले होते. अशोकारिष्टाची चर्चा निघाली तेव्हा त्यांनी बंगल्यांच्या कुंपणाला लावतात तो उंच सरळ अशोक दाखवला. त्या झाडाला गुजरातेत आसोपालव म्हणतात आणि त्याच्या सालीची भेसळ खऱ्या, म्हणजे सीता अशोकाच्या सालीत होते, हे त्यांना कोणी दाखवलेच नव्हते. त्यांचे महाविद्यालय अत्यंत शांत म्हणून प्रसिद्ध होते. ती शांतता त्यांच्या काय कामी आली, असे विचारण्याचा मोह आम्ही टाळला. मुलगा गुणी होता आणि दोष त्याचा नव्हता. चार वर्षे कोणी शिकवले नाही, आणि शिकवत नाही म्हणून विचारण्याची सवयही कोणी लावली नाही.

परतीच्या वाटेवर विणकर गृहस्थ बराच वेळ काही बोलले नाहीत. कोपरगाव मागे पडल्यावर म्हणाले, ‘मागावर दोघं बसतात तेव्हा कुरबूर होतेच. आवाज बंद झाला की समजायचं, एक जण उठून गेला.’ मुलीने मात्र आम्हांला वेगळाच प्रश्न विचारला : त्या मुलांच्या उपस्थितीतून आंदोलनाचे तास वजा होतील का? आम्हांला उत्तर ठाऊक नव्हते. आम्ही तिला सांगितले की प्रवेश मिळाला तर ७५ टक्क्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासून स्वतःच्या वहीत ठेव, आणि घोषणा द्यायच्या झाल्या तर उरलेल्या वेळात दे.

पहिल्या फेरीत तिला दोन्हींपैकी एकही महाविद्यालय मिळाले नाही. घरच्यांनी पहिल्या, शांत ठिकाणी संस्थास्तरावर जागा मिळते का याची चौकशीही केली होती, हे आम्हांला मागाहून समजले; आमच्या सल्ल्याचे वजन किती, हे त्यावरून कळावे. दुसऱ्या फेरीत पायऱ्यांवर विद्यार्थी बसले होते ते महाविद्यालय तिच्या वाट्याला आले. शल्यतंत्राची जागा तोवर भरली गेली होती. ग्रंथालय पाचलाच बंद होत होते.

पुढच्या दिवाळीच्या सुट्टीत ती दवाखान्यात आली ती एक कागद घेऊन. वर्गप्रतिनिधी म्हणून तिचे नाव लागले होते आणि प्राचार्यांना ग्रंथालयाच्या वेळेबाबत अर्ज द्यावयाचा होता. मसुदा तिनेच केला होता, फार तिखट होता. आम्ही दोन विशेषणे काढली आणि एक वाक्य वाढवले : रात्री नऊपर्यंत ग्रंथालय उघडे राहिल्यास देखरेखीची पाळी विद्यार्थी स्वतः सांभाळतील. ते वाक्य लिहिण्यापूर्वी वर्गाला विचारले पाहिजे, असे म्हणून तिने कागद परत घेतला.